बटणाचा मोबाईल आणि दुसऱ्याचं नेट

दहावीचा निकाल लागला की लातुरात दोन धंद्यांना तेजी येते. एक गादीवाल्यांचा, दुसरा मोबाईलवाल्यांचा. अहमदपूर, निलंगा, मुखेड, गंगाखेड, उमरगा, कुठून कुठून बाप लेकराला घेऊन एसटीनं उतरतो, क्लासची फी भरतो, खोली बघतो, मेसचं ठरवतो आणि मग गंजगोलाईत शिरून दोन वर्षांच्या वनवासाची खरेदी करतो. गादी, बादली, कुलूप, टेबललॅम्प झाला की सगळ्यात शेवटी मोबाईलचं दुकान.

"साधा मोबाईल दाखवा."

"कुणाला पायजे?"

"ह्याला." बाप लेकराकडं बोट करतो. लेकरू चपलेच्या अंगठ्याकडं बघत असतं.

"ह्याच्यात नेट चालतं का?"

हा प्रश्न देशभरातल्या दुकानांत रोज विचारला जातो आणि उत्तर 'हो' यावं अशीच विचारणाऱ्याची इच्छा असते. 'नाही' ऐकायला आसुसलेलं गिऱ्हाईक लातूर-नांदेडला मिळतं. दुकानदाराला ते पाठ झालंय. तो छाती पुढं काढून सांगतो, "अजिबात न्हाई. नेट सोडा, ह्याच्यात धड मेसेजबी टाईप होत न्हाई."

"कॅमेरा?"

"हाय, पण फोटोतला माणूस वळखू येत न्हाई."

"गेम?"

"साप हाय एक."

"काढता येतो का?"

साप काढून देणारा दुकानदार गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांवर अजून निपजलेला नाही. बाप जरा घुटमळतो, लेकराचा चेहरा बघतो, एका सापानं एमबीबीएस हुकणार नाही असा हिशेब करतो आणि पैसे देतो. दुकानदार कौतुकानं सांगतो की एकदा चार्ज केला की आठवडा बघायचं काम नाही. बापाला एवढा टिकाऊपणा लेकरातही हवा असतो, पण त्याची गॅरंटी दुकानात मिळत नाही.

आता सातासमुद्रापार काय चाललंय ते बघा. न्यूयॉर्कच्या जो हॉलियर आणि कायवे टँग या दोघांनी २०१५ साली 'लाईट फोन' नावाच्या फोनसाठी इंटरनेटवरून लोकांकडून वर्गणी गोळा केली. फोन एटीएम कार्डाएवढा, आणि त्यात करता काय येतं, तर फोन. बाकी काही नाही. वर्गणी भरभरून आली. २०१९ साली त्याचा दुसरा अवतार निघाला आणि २०२५ साली तिसरा. या तिसऱ्याची जाहीर केलेली किंमत होती ७९९ डॉलर, म्हणजे आपले ७० हजारांच्या आसपास. पहिला लाईट फोन निघाला त्याच सुमारास स्वित्झर्लंडच्या पुंक्ट कंपनीनं जॅस्पर मॉरिसन या नामांकित डिझायनरकडून एक बटणाचा फोन घडवून घेतला. तोही फक्त बोलायचा आणि मेसेजचा. व्हॉट्सॲप नाही, फेसबुक नाही, रील नाही, याचे ते लोक जादा पैसे घेतात. मुखेडच्या माणसाला हे सांगून बघा. ७० हजारांत बरी दुभती म्हैस दावणीला येते, आणि तिच्यातही नेट नसतं.

तिकडचं गिऱ्हाईक आणि आपलं गिऱ्हाईक यांत एक मोठा फरक आहे. तिकडचा माणूस असला फोन स्वतःसाठी घेतो. मोबाईलनं आपलं डोकं खाल्लं, झोप खाल्ली, बायकोशी बोलणं खाल्लं, हे त्याच्या ध्यानात येतं आणि तो स्वतःला शिक्षा करून घेतो. आपल्याकडं बटणाचा मोबाईल कुणी स्वतःसाठी घेतल्याचं सहसा दिसत नाही. तो दुसऱ्यासाठीच घ्यायचा असतो. बाप लेकरासाठी घेतो, मुलगा म्हाताऱ्या आईसाठी घेतो, मालक सालगड्यासाठी घेतो. घेणाऱ्याच्या स्वतःच्या खिशात मात्र विताएवढा टचचा मोबाईल असतो, आणि बटणाच्या मोबाईलचे पैसेसुद्धा तो त्याच टचवरून स्कॅन करून देतो.

इंग्लंडातल्या ईटनचं नाव आपण ऐकलेलं असतं. राजपुत्र शिकतात ती शाळा, वर्षाची फी ५० लाखांच्या वर. या शाळेनं २०२४ साली जाहीर केलं की नव्यानं येणाऱ्या मुलांनी स्मार्टफोन आणायचा नाही, शाळाच त्यांना नोकियाचा साधा फोन देईल, त्यात आपलं सिमकार्ड घालायचं. जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी झाली. लातूरच्या खोल्यांवर हे कैक वर्षं चालू होतं, पण आमच्याकडं राजपुत्र नसल्यामुळं बातमी झाली नाही. शिवाय आमच्याकडं फोनचे पैसेही बापालाच पडतात.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. लातूरचं राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० सालचं. प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे आणि नंतर प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या काळात जादा तास, पुन्हा पुन्हा सराव परीक्षा आणि गुरुजींची करडी नजर यांतून जे तयार झालं त्याला पुढं सगळा महाराष्ट्र 'लातूर पॅटर्न' म्हणू लागला. हेच वाघमारे सर १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू झाले. त्यामुळं या दोन शहरांचं महसूल आयुक्तालय कुठं व्हावं यावरून कितीही बिनसलेलं असलं, तरी पोरांना रगडण्याच्या बाबतीत दोघांचं मूळ एक आहे. लातूरचा माणूस म्हणतो, आमचं बघून नांदेडनं केलं. नांदेडचा म्हणतो, आमचा निकाल बघा आधी. बटणाच्या मोबाईलवर मात्र दोघांचं एकमत आहे.

हा पॅटर्न जन्माला आला तेव्हा मोबाईल कुठं होता? भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी बोललं तरी पैसे आणि ऐकलं तरी पैसे. तेव्हा लातुरात अभ्यासाचे शत्रू म्हणजे थिएटर, क्रिकेटची कॉमेंट्री आणि पानटपरी. गुरुजी सायकलवरून फेरी मारून तिन्ही ठिकाणं अर्ध्या तासात तपासत. पुढं तिन्ही एकाच काचेमागं जाऊन बसली आणि ती काच पोराच्या उशाखाली गेली. तिथं सायकल जात नाही. मग राहिला एकच इलाज, काचच काढून घ्यायची.

बापाच्या पिढीचं बटणाच्या मोबाईलवर एवढं प्रेम का, याचंही कारण आहे. त्यांनी हातात घेतलेला पहिला मोबाईल बहुधा नोकिया ११००. २००३ सालचा. जगभर २५ कोटींच्या वर खपला. त्याच्या डोक्याला बॅटरी होती, आणि मराठवाड्यात मोबाईल पहिल्यांदा लोकप्रिय झाला तो बोलण्यासाठी नव्हे, या बॅटरीसाठी, असं माझं मत आहे. रात्री दोनला लाईट यायची, मोटार चालू करायला विहिरीवर जायचं, वाटेत काय पडलंय ते बघायचं, हे सगळं त्या एवढ्याशा उजेडात व्हायचं. फोन चिखलात पडला तर पुसून घ्यायचा. बोलायला पैसे लागतात म्हणून मिस कॉलची एक अख्खी लिपी तयार झाली होती. एक मिस कॉल म्हणजे पोचलो. दोन म्हणजे स्टँडवर घ्यायला या. लागोपाठ तीन म्हणजे पैसे संपले. तीन मिस कॉलांना बाप बॅलन्स नसल्याचं सोंग घेऊन उलट एक मिस कॉल द्यायचा. या व्यवहारात एक अक्षरही न बोलता दोघांना सगळं कळत असे. या बापांना मनापासून वाटतं की आपण त्या मोबाईलवर माणूस झालो, तर पोरगं का होणार नाही?

असो. मोबाईल घेऊन दिला, डोक्यावर हात ठेवला, बाप एसटीत बसून गेला. पोरगं ऑफलाईन झालं. खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते.

क्लासमध्ये सर फळ्यावर अर्धं प्रमेय लिहितात आणि हात झटकून सांगतात, "बाकीची पीडीएफ ग्रुपवर टाकलीय." वेळापत्रक ग्रुपवर. उद्याची टेस्ट पुढं ढकलली, ते ग्रुपवर. टेस्टची उत्तरं ग्रुपवर. 'मोबाईलपासून दूर राहा' हे सरांचं प्रेरणादायी भाषणही ग्रुपवरच. आज रात्री मेसला सुट्टी आहे, हे तर मेसवाल्यानं ग्रुपवर टाकलेलं असतं आणि ते न कळलेलं एक पोरगं ताट घेऊन कुलपासमोर उभं असतं. नेट बंद करायला सांगणारी सगळी मंडळी सांगतात मात्र नेटवरून.

मग पोरगं काय करतं? दुसऱ्याचा मोबाईल मागतं. इथून लातूर-नांदेडची खरी अर्थव्यवस्था चालू होते.

एका खोलीत चार पोरं. तिघांकडं बटणाचे, एकाकडं टच. हा टचवाला त्या खोलीचा सावकार. त्याची बादली भरलेली असते, त्याची गादी पंख्याखाली असते, गावाकडून आलेल्या धपाट्यांचा पहिला डबा त्याच्यापुढं उघडतो. व्याजाचा दर परीक्षेच्या आदल्या रात्री चढतो. हा टचवाला बहुतेक वेळा रिपीटर असतो, म्हणजे एकदा 'नीट' ही डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा देऊन पुन्हा तयारीला बसलेला दादा. पहिल्या वर्षी त्याच्याकडंही बटणाचाच मोबाईल होता. तरी नंबर लागला नाही, तेव्हा बापाचा त्या औषधावरचा विश्वास उडाला.

सगळ्यात जास्त हाल मेसवाल्या काकांचे. पोरांच्या तावडीत सापडलेला टचचा मोबाईल त्यांचा. गल्ल्यावर ठेवला की कुणी ना कुणी उचलतं. "काका, एक मिनिट." काका वरण वाढायलेत, नाही कसं म्हणणार? काकांना कीर्तनं ऐकायची आवड. पण पोरांनी त्यांच्या मोबाईलवर ऑरगॅनिक केमिस्ट्री एवढी बघितलीय, की काकांनी यूट्यूब उघडलं की महाराजांच्या जागी कुणीतरी सर षटकोन काढताना दिसतात. एकदा काका मला म्हणाले, "सर, ह्यो षटकोनाचा माणूस माझ्या लई पाठी लागलाय." मी म्हटलं, ते बेंझिन. त्यावर काका चिडले. "बेंझिन मला म्हाईताय. त्याला पुढं काय चिकटवायलेत ते कळंना."

नांदेडच्या अभ्यासिकांतही हेच. मोबाईल दारात पेटीत टाकायचा, मग आत बसायचं. पेटीत बटणाचा मोबाईल निर्धास्त टाकता येतो, कारण त्याच्याकडं चोरही बघत नाही. नांदेडच्या पोरांना एका बाबतीत लातूरकरांपेक्षा बरं आहे. बटणाच्या मोबाईलवाल्याचं खरं अडतं ते पैसे देताना. चहावाल्याला नोट दिली की तो तोंड वाकडं करतो, "सुट्टे न्हाईत, स्कॅन मारा." म्हणजे इथंही शेजारी उभ्या असलेल्या माणसाला नोट द्यायची आणि त्याला स्कॅन करायला लावायचं. आता, साध्या मोबाईलवरूनही पैसे देता येतात. रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे नावाची सोय त्यासाठीच चालू केली. पण चहाच्या टपरीवर मागं रांग लागलेली असताना फोन कानाला लावून, यंत्रातल्या बाईची वाक्यं ऐकत, बटणं दाबत सात-दहा रुपयांचा व्यवहार करण्याची हिंमत असलेला माणूस आधीच मोठ्या पदावर पोचलेला असतो. नांदेडच्या पोराला निदान जेवणाची तरी ही चिंता नाही. सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात लंगर आहे. डोकं झाकायचं, पंगतीला बसायचं. ॲप नाही, स्कॅनर नाही, ओटीपी नाही.

ओटीपीवरून आठवलं. बटणाच्या मोबाईलचं एक आधुनिक काम आहे आणि ते म्हणजे ओटीपी येणं. पोराच्या मोबाईलमध्ये सिम कुठलं घालतात? घरात पडून असलेलं बापाचं जुनं. आणि बँकेचं खातं, गॅस, आधार, पीकविमा, सगळं जोडलेलं असतं त्याच जुन्या नंबरला. त्यामुळं बाप कंधारला बसून काहीही करायला गेला की त्याची किल्ली लातुरात फिजिक्सच्या तासाला खिशात थरथरते. पाठोपाठ फोन. "आरं, एक नंबर आला आसंल, सांग." पोरगं बाकाखाली वाकून सहा आकडे कुजबुजतं. कुणालाही ओटीपी सांगू नका, असं बँक त्याच मेसेजमध्ये लिहिते. पण बापाला 'कुणीही' म्हणायची मराठवाड्यात पद्धत नाही. सर पोराला पकडतात, उभं करतात, विचारतात कुणाचा फोन. पोरगं खरं सांगतं आणि कुणाचाच विश्वास बसत नाही. याचा एक फायदा मात्र झाला. फीसाठी पैसे नाहीत म्हणून तोंड पाडणाऱ्या बापानं त्याच आठवड्यात ऑनलाईन गॉगल मागवलाय, हे लेकराला आधी कळतं.

मार्कांचं याच्या उलट आहे. पूर्वी टेस्टचे मार्क पोराच्या हातात पडत आणि तिथून घरापर्यंतच्या प्रवासात त्यांच्यावर संस्कार होत. ७२० पैकी ३१० मिळाले तर गावात पोचेपर्यंत साडेतीनशेच्या वर जात, आणि फार खोटं बोलल्यासारखंही वाटत नसे. आता क्लासवाले मार्क थेट बापाच्या मोबाईलवर टाकतात. पोरगं अजून दप्तर भरतंय तोवर बाप लिंबाखाली बसून बायोलॉजीच्या चुका मोजतोय. ज्याची परीक्षा तो ऑफलाईन, आणि ज्याचा काही संबंध नाही तो ऑनलाईन. परीक्षा तरी काय, नीट इतकी वर्षं कागदावरच होत आलीय. १८० प्रश्न, तीन तास, पेनानं काळे गोल करायचे. एवढ्याशा काळ्या गोलांसाठी साऱ्या खानदानाचा डेटा खर्ची पडतो.

बाप टचवर काय बघतो हाही अभ्यासाचा विषय आहे. सकाळी सोयाबीनचा भाव, मग शुभ सकाळ, मग कुणाच्या तरी वाढदिवसाचं बॅनर, मग रील. दुपारी 'मोबाईलमुळं तरुण पिढी कशी बरबाद व्हायलीय' असा व्हिडिओ. तो बघून बापाचे डोळे पाणावतात. लेकराला पाठवावा तर त्याच्याकडं बटणाचा. मग बाप फोन लावतो. "आरं, मी एक व्हिडिओ बघितलो." आणि पुढं तो अख्खा व्हिडिओ तोंडानं सांगतो, मधल्या जाहिरातीसकट. पोराचं तेवढ्या वेळात एक प्रकरण वाचून झालं असतं. शेवटी प्रश्न येतो, "अभ्यास करायलास का न्हाई?"

मधल्या काळात या सगळ्या योजनेला रिचार्जनं सुरुंग लावला होता. मोबाईल बटणाचा असला तरी कंपन्यांचे बहुतेक पॅक नेटसकटच. बापाला दीड जीबीचे पैसे भरावे लागत आणि तो दीड जीबी रोज रात्री बाराला न वापरता मरून जाई. शेतकऱ्याच्या पोटात यानं जे कालवतं ते नोकरदाराला कळायचं नाही. पैसे भरलेत आणि माल वाया जातोय! कित्येक बापांनी ही नासाडी सहन न होऊन शेवटी लेकराला टचचा मोबाईल घेऊन दिला. डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानं नियम बदलून कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस यांचे वेगळे पॅक काढायला लावले आणि २०२५ च्या जानेवारीत ते आले. नेट न वापरणाऱ्याला नेटचे पैसे पडू नयेत, इतकी साधी गोष्ट सरकारी पातळीवर ठरायला इतकी वर्षं गेली.

दुसरी फसवणूक दिसण्यातली. २०१७ साली जिओफोन आला. १,५०० रुपये अनामत, तीही परत मिळणारी. दिसायला अगदी बटणाचा, घरंदाज. बापांनी विश्वासानं घेतला. पुढं कळलं की याच्यात नेट आहे, आणि पुढच्याच वर्षी यूट्यूब आणि व्हॉट्सॲपही आलं. पोरं अंगठ्याएवढ्या पडद्यावर डोळे बारीक करून क्रिकेट बघत होती आणि बाप गावात सांगत होता, आमच्याला साधाच दिलाय. आता दुकानात जाणारा बाप सावध झालाय. तो बटणांना भुलत नाही. डबा उलटा करून, चष्मा वर करून, मागचं बारीक अक्षर वाचतो. पुन्हा जिओचं सिम जुन्या टूजी मोबाईलमध्ये चालत नाही, म्हणजे साधा पण फोरजी घ्यावा लागतो, आणि फोरजी म्हटलं की त्यात काय काय दडलेलं असेल याचा नेम नाही. त्यात २०१७ सालीच नोकियाचं ३३१० हे जुनं मॉडेल नव्यानं बाजारात आलं आणि भारतात त्याची किंमत ठेवली होती ३,३१० रुपये. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना हे इतकं आवडलं की नोकिया ११०० मोबाईल ११०० रुपयांना द्या म्हणून ते दुकानदाराशी हुज्जत घालत बसले.

मुलींचं अजून निराळं. एकाच घरातली दोन लेकरं लातूरला असली की दोघांनाही बटणाचा मिळतो. दुसऱ्या वर्षी दादाला टच घेतात, कारण 'त्याला लागतो'. ताईला मात्र तोच बटणाचा, आणि तोही रात्री हॉस्टेलच्या मॅडमकडं जमा. ताई मैत्रिणीच्या मोबाईलवरून पीडीएफ वहीत उतरवून घेते. निकालात ताईला जास्त पडतात. याचं श्रेय घरातले लोक बटणाच्या मोबाईलला देतात. मला हे पटत नाही. दादाला बटणाचा देऊन बघितला असता तर पटलं असतं.

मोठ्यांनी स्वतः हा प्रयोग केल्याचं उदाहरण म्हणजे आमचे एक निवृत्त मुख्याध्यापक मित्र. त्यांनी कुठंतरी वाचलं आणि एकदम बटणाचा मोबाईल घेतला. घेतल्याचं व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर सगळ्यांना कळवलं, मगच टच कपाटात ठेवला. महिना शांततेत गेला, म्हणजे त्यांचा. वहिनींचा नाही. पेन्शनरांच्या ग्रुपचे निरोप वहिनींच्या मोबाईलवर येऊ लागले. 'सरांना सांगा, हयातीचा दाखला द्यायचाय.' 'सरांना सांगा, उद्या चहा.' 'सरांना हा विनोद वाचून दाखवा.' वहिनी विनोद वाचून दाखवत, सर हसत, मग म्हणत, त्यांना हसलेला चेहरा पाठव. गावभर सर सांगत, मी नेट सोडलं. ते खरंच होतं. त्यांचं नेट वहिनी वापरत होत्या, बिनपगारी. एके दिवशी वहिनींनी आपला मोबाईल त्यांच्यापुढं ठेवला आणि स्वतः बटणाचा उचलून माहेरी औशाला गेल्या. त्यांना तो फार आवडला, असं ऐकतो.

गावंच्या गावं ऑफलाईन व्हायचे प्रयोगही महाराष्ट्रात झालेत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावला २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बंद, पोरांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी बोलायचं. त्याच वर्षी आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीनं १८ वर्षांखालच्या मुलांच्या हातात मोबाईल नको असा ठराव केला. दोन्ही गावांचं कौतुक आहे. पण मला वडगावचं जास्त पटतं, कारण तिथला भोंगा बापासाठीही वाजतो. बाकी किनवट-माहूरच्या डोंगरात काही ठिकाणी ठराव आणि भोंगा दोन्हींची गरज पडत नाही. रेंज पकडायला टेकडी चढावी लागते. तिथं मोबाईल सुटत नसेल, पण व्यायाम होतो.

लातूर किंवा नांदेडच्या स्टँडवर तुम्ही एसटीची वाट बघत बसलेले असाल आणि एखादं पोरगं, एखादी पोरगी, खांद्यावर दप्तर, हातात बटणाचा मोबाईल घेऊन येऊन म्हणेल, "काका, एक मिनिट मोबाईल देता का? टेस्टची उत्तरं बघायचीयत." तर द्या. द्यायच्या आधी तुम्ही काय बघत होता ते तेवढं बंद करा. आणि त्यांच्या हातातला बटणाचा वाजायला लागला, तर तुम्ही बोला. समोर बाप असेल. त्याला सांगा, लेकरू अभ्यास करायलंय, आणि तुमचा तो मोबाईल जरा बाजूला ठेवा म्हणून.